ड्रॅगन फ्रूटवरील कोमेजलेली फुले केव्हा व कशी काढावीत?

वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला वाळलेल्या फुलाचा उपद्रव नवा नाही. श्रावण-भाद्रपदात झड लागली म्हणजे कपाशीच्या कोमेजलेल्या पाकळ्या गळून पडण्याऐवजी कोवळ्या बोंडाच्या टोकाला चिकटून राहतात. त्यांच्याखाली ओल टिकते, आणि पुष्कळदा बोंड तेथूनच सडू लागते. केळीच्या बागेतही हाच अनुभव येतो. सेलू परिसरातील केळीच्या बागा जुन्या लोकांच्या चांगल्या स्मरणात आहेत. फण्यांच्या टोकांवरील वाळलेली फुले हलक्या हाताने काढून टाकणे ही तेथेही चांगल्या बागाइतदाराची खूण समजली जात असे. फुलाचे काम संपले की ते फळापासून वेगळे झाले पाहिजे, हा नियम दोन्ही पिकांत सारखाच लागू पडतो.

अलीकडे विदर्भात लावल्या जाऊ लागलेल्या ड्रॅगन फ्रूट या फळपिकात हा नियम अधिकच महत्त्वाचा ठरतो. या वेलीचे फूल फार मोठे असते, ते ऐन पावसाळ्यात उमलते, आणि कोमेजल्यावर ओल्या चिंधीप्रमाणे फळाच्या टोकाला लोंबकळत राहते. ते केव्हा काढावे, कसे काढावे आणि केव्हा त्याला हात लावू नये, याची माहिती या पाठात दिली आहे.

पीक व त्याचे कुळ

ड्रॅगन फ्रूट हा वेलीसारखा चढणारा निवडुंग होय. याचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथून तो व्हिएतनाम व इतर उष्ण देशांत पसरला आणि पुढे भारतात आला. गुजरात राज्याने 2021 साली या फळास ‘कमलम’ असे नाव दिले. महाराष्ट्रात बारामतीजवळील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत या पिकावर संशोधन चालते. पांढऱ्या गराचे व लाल गराचे असे याचे दोन प्रकार शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत.

निवडुंग म्हटला की खेड्यात दोन वनस्पती डोळ्यांसमोर येतात. एक कुंपणाचा तीनधारी निवडुंग. त्याला चिरले की पांढरा चीक निघतो. तो खऱ्या निवडुंग-कुळातला नव्हे. दुसरा फड्या निवडुंग. तो मात्र खरा निवडुंग असून ड्रॅगन फ्रूटचा भाऊबंद आहे. फड्या निवडुंगाचे लाल बोंड हातात घेऊन पाहिल्यास त्याच्या टोकाला बशीसारखा खळगा दिसतो. फूल गळून पडल्याची ती जागा होय. निसर्गाने फूल व फळ यांच्यामध्ये एक सांधा ठेवलेला असतो आणि वेळ झाली की फूल त्या सांध्यावरून सुटते. ड्रॅगन फ्रूटमध्येही असाच सांधा असतो. फरक इतकाच की, त्याचे फूल मोठे व रसदार असल्यामुळे दमट हवेत ते वेळेवर वाळत नाही व आपोआप गळतही नाही.

एका रात्रीचे फूल

पुष्कळ घरांच्या अंगणात कुंडीत ‘ब्रह्मकमळ’ लावलेले असते. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ वेगळे; अंगणातील हे झाड निवडुंगच होय. त्याचे फूल रात्री उमलते, घरची मंडळी जागून ते पाहतात, आणि सकाळी ते मान टाकते. ड्रॅगन फ्रूटच्या फुलाची तऱ्हा हुबेहूब अशीच आहे. सुमारे 25 ते 30 सें.मी. लांबीचे हे पांढरे फूल संध्याकाळनंतर उघडू लागते, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण उमलते आणि सकाळी ऊन चढताच मिटते. मूळ देशात वटवाघळे व रात्री फिरणारे मोठे पतंग त्याचे परागीभवन करतात. आपल्याकडे पहाटे व सकाळी येणाऱ्या मधमाश्या हे काम बऱ्याच अंशी करतात.

फुलाचे भाग नीट समजून घेतल्याशिवाय काढणीची रीत समजणार नाही. सर्वांत खाली, फांदीला लागून, हिरव्या खवल्यांचा फुगीर भाग असतो. हाच बीजकोश, पुढे याचेच फळ होते. त्याच्यावर लांब नळी व नळीच्या तोंडाशी पाकळ्या असतात. नळीच्या आत असंख्य पुंकेसर आणि मधोमध एक जाड, लांब कुक्षीवृंत असून त्याच्या टोकाला अनेक बोटांची कुक्षी असते. पराग पडतो तो वरच्या कुक्षीवर आणि बीज धरते ते खालच्या बीजकोशात. म्हणजे परागातून निघालेल्या सूक्ष्म नळीला वीतभर वा त्याहून अधिक अंतर खाली उतरावे लागते. हा प्रवास डोळ्यांना दिसत नाही, परंतु फळ धरणे वा न धरणे त्यावरच अवलंबून असते.

कोमेजलेल्या फुलाने काय बिघडते?

वर्धा जिल्ह्यात जूनच्या मध्यानंतर पावसाला आरंभ होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर असतो. ड्रॅगन फ्रूटचा बहर जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने येतो. म्हणजे पुष्कळशी फुले झडीच्या दिवसांतच कोमेजतात. अशा वेळी पुढील नुकसान संभवते.

पहिले नुकसान कुजीचे. नळी व पाकळ्या पाणी शोषून घेतात आणि लिबलिबीत होतात. मेलेल्या पेशींवर बुरशी सहज वाढते आणि तेथून फळाच्या कोवळ्या टोकात शिरते. आरंभी टोकाशी तपकिरी, पाणथळ डाग दिसतो. पुढे तो काळा पडून खोल जातो. करपा व फळकूज यांच्या बुरशींना ओलावा व मेलेला पाला या दोन गोष्टी फार मानवतात, आणि कोमेजलेले फूल त्या दोन्ही पुरविते.

दुसरे नुकसान मुंग्यांचे. फुलातील गोड रसासाठी मुंग्या येतात, ओल्या नळीत आसरा घेतात आणि फळाचे कोवळे खवले कुरतडतात. त्या जखमांतून पुन्हा कूज शिरते.

तिसरे नुकसान बाजाराचे. या फळाचा भाव त्याच्या रूपावर ठरतो. टोक स्वच्छ, खवले हिरवे व साल चकचकीत असेल तर माल वरच्या प्रतीत जातो. टोकाला काळा चट्टा असला की आतील गर उत्तम असूनही व्यापारी ते फळ बाजूला काढतो.

या पिकात खांब, वरची चक्री, रोपे व ठिबक यांचा खर्च प्रथमच करावा लागतो. दुसऱ्या वर्षी थोडी फळे दिसतात. खरे उत्पन्न तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. समजा, एका खांबावरील चार वेलींना एका बहरात वीस फळे धरली आणि त्यांतील चार टोकाला नासली, तर पाचवा हिस्सा गेला. कर्ज काढून बाग उभारणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पाचवा हिस्सा म्हणजे पुष्कळदा त्या वर्षाचा हप्ता असतो.

घाई का करू नये?

हे नुकसान ऐकून कोणी दुसऱ्याच दिवशी सगळी फुले ओढून काढील, तर तो मात्र दुसरी चूक करील. फूल सकाळी मान टाकते याचा अर्थ त्याचे काम संपले असा नाही. त्या वेळी परागनळी कुक्षीवृंतातून खाली उतरत असते. तेव्हाच फूल तोडले तर फळधारणा बिघडण्याचा, फळ लहान राहण्याचा वा गळून पडण्याचा संभव असतो. शिवाय या अवस्थेत सांधा घट्ट असतो. ओढल्यास नळी स्वच्छ सुटत नाही, बीजकोशाचा वरचा भाग फाटतो, आणि जी कूज टाळावयाची तिलाच वाट मिळते.

सबब, लवकर काढल्यास फळ जाते आणि उशिरा काढल्यास कूज लागते. मधले तीन-चार दिवस कामाचे. ते ओळखता येणे हेच या कामातील खरे कौशल्य होय.

योग्य वेळ ओळखण्याच्या खुणा

साधारणतः फूल उमलल्यानंतर चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ही वेळ येते. तथापि केवळ दिवस मोजून चालणार नाही; हवामानाप्रमाणे एक-दोन दिवसांचा फरक पडतो. पुढील खुणा पाहाव्यात.

(1) बीजकोश हिरवागार व टणक असून किंचित फुगलेला दिसतो.

(2) वरची नळी पिवळसर, मऊ व सुरकुतलेली होते. हिरवा भाग कोठे संपतो व पिवळा कोठे सुरू होतो, ती रेघ स्पष्ट दिसते.

(3) नळी दोन बोटांत धरून अगदी हलकेच पिळली असता ती सांध्यावर हलते. न हलल्यास एक दिवस थांबावे.

काही फुलांत मात्र नळीबरोबर बीजकोशही पिवळा पडतो. त्यात फळ धरलेले नाही असे समजावे. असे फूल काही दिवसांत देठासह आपोआप गळते. ते वाचविण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. अशी फुले फार दिसू लागल्यास परागीभवनात उणीव आहे, असा निष्कर्ष काढावा. लाल गराच्या काही वाणांत स्वतःच्या परागाने फळ नीट धरत नाही. तेथे दुसऱ्या वाणाचा पराग मऊ कुंचल्याने रात्री किंवा भल्या पहाटे कुक्षीवर लावावा लागतो. फवारणीची वेळ ठरवितानाही मधमाश्यांचा विचार करावा. फुले उघडी असताना कीटकनाशक मारू नये.

बहर टप्प्याटप्प्याने येत असल्यामुळे एकाच खांबावर कळी, फूल, कोमेजलेले फूल व वाढते फळ अशा सर्व अवस्था एकत्र दिसतात. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक लाटेला एका रंगाचा दोरा ठरवावा. ज्या सकाळी फुले मिटली त्याच दिवशी फुलाजवळच्या फांदीला सैल दोरा बांधावा आणि तारीख वहीत लिहावी. याच दोऱ्याचा पुढे तोडणीलाही उपयोग होतो, कारण फूल उमलल्यापासून सुमारे 30 ते 35 दिवसांनी फळ तोडणीस येते.

काढण्याची रीत

(1) उघडीप पाहून काम करावे. सकाळी दव उडाल्यावर आरंभ करावा म्हणजे उघडी झालेली जागा दिवसभरात सुकते. पाऊस चालू असताना किंवा येण्याच्या बेतात असताना फुले काढू नयेत.

(2) हातात मोजे घालावेत. फांद्यांच्या कडांवर बारीक काटे असतात.

(3) डाव्या हाताने कोवळे फळ खालून आधार देऊन धरावे. उजव्या हाताने नळी सांध्याजवळ धरून हलकेच फिरवावी. वेळ योग्य असल्यास ती स्वच्छ सुटून येते. सरळ ओढू नये. त्यामुळे फळ देठातून निसटते.

(4) झडीमुळे थांबणे शक्य नसेल व नळी सुटत नसेल, तर धारदार कात्रीने फळापासून सुमारे एक सें.मी. अंतर ठेवून नळी कापावी. राहिलेला तुकडा लहान असल्याने लवकर वाळतो. फळाला लागून कापण्याचा मोह टाळावा.

(5) कुजलेला भाग कापल्यावर कात्रीचे पाते स्पिरिटने पुसावे. एका खांबावरील रोग दुसऱ्यावर नेण्यास न पुसलेली कात्री पुरेशी होते.

(6) नळी सुटल्यावर मधला कुक्षीवृंत फळावर उभा राहिला तर त्याला छेडू नये. तो बारीक असल्याने वाळून आपोआप पडतो.

(7) काम झाल्यावर त्या दिवशी वेलींवर वरून पाणी पडू देऊ नये. ठिबकाचे पाणी मुळाशी देण्यास हरकत नाही.

काढलेल्या फुलांची विल्हेवाट

फूल काढून खांबाच्या बुडाशी टाकणे म्हणजे रोग वरून काढून खाली ठेवणे होय. पावसाच्या थेंबांबरोबर बुरशीचे बीज पुन्हा फांद्यांवर उडते. प्रत्येक मजुराजवळ बादली वा टोपली असावी व फुले तीतच टाकावीत. निरोगी फुले बागेपासून दूर असलेल्या खताच्या खड्ड्यात घालून वर शेण व मातीचा थर द्यावा. कुजलेली फुले व डागाळलेली फळे वेगळी ठेवून खोल पुरावीत.

या कामाने काय साधते, काय साधत नाही

कोमेजलेली फुले काढल्याने फळाचे टोक कोरडे राहते, कुजीची एक मोठी वाट बंद होते आणि माल स्वच्छ दिसतो. याहून अधिक अपेक्षा धरू नये. केवळ फूल काढल्याने फळ मोठे होत नाही. फळाच्या आकारासाठी कळ्या लहान असतानाच विरळणी करून एका फांदीवर मोजक्याच ठेवाव्या लागतात. ते काम निराळे व त्याची वेळही निराळी. फळमाशीवरही हा उपाय नव्हे. तिच्यासाठी सापळे, पक्व फळांची वेळेवर तोडणी आणि गळलेल्या फळांची विल्हेवाट आवश्यक आहे.

तसेच बागेत पाणी साचत असेल, फांद्यांची दाटी होऊन हवा खेळत नसेल, तर फुले काढूनही कूज थांबणार नाही. जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत निवडुंगाची मुळे पाण्यात राहिली की आधी मुळेच सडतात. म्हणून उंच गादीवाफे, पाण्याचा निचरा व हंगाम संपल्यावर फांद्यांची छाटणी ही कामे आधी; फुले काढणे हे त्यानंतरचे. फवारणीची गरज भासल्यास देवळी तालुक्यातील सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा वा कृषी विभागाचा सल्ला घेऊनच ती करावी.

ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत पुष्कळ फुले आपोआप वाळून पडतात. त्या वेळी प्रत्येक खांबावर मजुरी खर्च करण्याचे कारण नाही. झडीच्या दिवसांत मात्र या कामात कुचराई करू नये.

कामाची माणसे

या कामाला शक्ती लागत नाही, हलका हात लागतो. कापूस वेचणाऱ्या स्त्रियांची बोटे असल्या कामात तरबेज असतात. बोंडाला धक्का न लावता बोटे कशी चालवावीत हे त्यांना शिकवावे लागत नाही. मजुरी मात्र फुलांच्या संख्येवर न ठरविता रोजावर ठरवावी. संख्येवर पैसे दिले की फुले ओढली जातात, आणि वाचलेल्या मजुरीपेक्षा फाटलेल्या फळांचे नुकसान अधिक होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

सांगण्यापेक्षा दाखविणे श्रेयस्कर. बागेत पाच-सहा शेतकरी व मजूर यांना जमवून प्रथम एक फूल उभे चिरून बीजकोश, नळी व कुक्षीवृंत दाखवावेत. नंतर दुसऱ्या दिवसाचे व पाचव्या दिवसाचे अशी दोन फुले पिळून दाखवावीत. एक अडते व दुसरे सुटते, हा फरक हाताला कळला की पुन्हा सांगावे लागत नाही. मग प्रत्येकाच्या हातून दोन-दोन फुले काढून घ्यावीत.

दुसरे प्रात्यक्षिक परिणामाचे. एकाच लाटेतील, सारख्या जोमाचे दहा खांब निवडावेत. एकाआड एक अशा पाच खांबांवरील फुले वरील रीतीने काढावीत व उरलेल्या पाच खांबांवरील तशीच ठेवावीत. बाकी पाणी, खत व फवारणी सर्वांस सारखी असावी. तोडणीच्या दिवशी दोन्हीकडील एकूण फळे, टोकाला डाग असलेली फळे व मिळालेला भाव शेतकऱ्याच्या समक्ष वहीत लिहावा आणि या कामावर झालेली मजुरी त्यातून वजा करावी. आकडे अनुकूल आले तर शेतकरी पुढील लाटेत स्वतःहून हे काम करील. न आले तर त्या बागेत कूज दुसऱ्याच कारणाने येते असे समजून ते कारण शोधावे. दोन्ही प्रकारे ज्ञानात भर पडते.

अंगणातील निवडुंगाविषयी थोडेसे

शाळेच्या आवारात वा घरी कुंडीत लावलेल्या शोभेच्या निवडुंगासही हाच नियम लागू आहे. गोल, गाठीसारख्या निवडुंगाच्या माथ्यावर कोमेजलेली फुले ओली राहिल्यास तेथून झाड सडू लागते. फूल पूर्ण वाळू द्यावे व नंतर चिमट्याने उचलावे. ब्रह्मकमळाचे कोमेजलेले फूल देठासह सुकल्यावर काढावे. ओल्या देठाला ओढून पानासारखी दिसणारी फांदी फाडू नये.

उजळणीसाठी प्रश्न

(1) फूल मिटल्यावर दुसऱ्याच दिवशी ते का काढू नये?
(2) फळ धरले आहे हे कोणत्या खुणेवरून ओळखावे?
(3) काढलेली फुले खांबाच्या बुडाशी का टाकू नयेत?
(4) फुले काढूनही कूज थांबली नाही, तर बागेत प्रथम काय तपासावे?

झाडावरील फूल हे फळासाठीच असते. त्याचे काम संपेपर्यंत त्याला जपावे आणि काम संपताच ते बाजूला करावे. कपाशी व केळीच्या पिकांनी शिकविलेला हा धडा नव्या पिकात विसरला नाही, तर खर्च करून उभारलेल्या बागेचे फळ शेतकऱ्याच्याच पदरी पडेल.